बाईंचं नाक

बाई माणसांना गावाच्या नावानं हाक मारायच्या. मी सणसर. माझा नवरा वालचंदनगर, कारण त्याचं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलेलं. दूध घालायला येणारा माळेगाव. एकाच घरातले दोन भाऊ पाठोपाठ कामाला आले, तेव्हा थोरला झारगडवाडी झाला आणि धाकटा झारगडवाडी दोन. नावं लक्षात राहत नाहीत का, असं मी एकदा विचारलं.

"तीस वर्षं हजेरी घेतली," त्या म्हणाल्या. "नावं संपली माझी."

म्हणून मीही इथं कुणाचं नाव घालत नाही. त्या बाई आणि मी सणसर, एवढं पुरे.

नव्वदीच्या दशकाची पहिली वर्षं. लग्नाला वर्ष झालं होतं, नवरा बारामतीत एमआयडीसीत लागला होता, आणि बाईंच्या घराची पुढची खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. बाई एकट्या. नुकत्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. शिकवायच्या कार्यानुभव, म्हणजे खडू, फिनेल, कागदी पिशव्या आणि मेणबत्त्या. बाकीचे शिक्षक त्या तासाला रिकामा तास समजायचे आणि गणितासाठी मागून घ्यायला यायचे. बाईंनी तो कधी दिला नाही. "गणित चुकलं तर कागद वाया जातो. मेण चुकलं तर हात भाजतो. शिकतंय कशात माणूस, सांगा," असं त्यांनी मुख्याध्यापकांना ऐकवलं होतं म्हणे. शाळेत शुद्ध बोलायच्या, घरी चप्पल काढली की आपल्या गावच्या, लोणी भापकरच्या बोलीवर यायच्या.

मागच्या पडवीत त्यांचं मेणाचं काम चालायचं. मेण पुण्याहून यायचं, पांढऱ्या लाद्या, गोणपाटात गुंडाळलेल्या. बाई लादी पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडायच्या. मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात विटेचा तुकडा, त्यावर डबा, डब्यात मेण. थेट आचेवर कधीच नाही. "मेणाला आच दाखवायची न्हाय, आचेची नुसती बातमी द्यायची," असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. वातीचा सुती दोरा तिपेडी वळून मीठ आणि टाकणखाराच्या पाण्यात भिजवायचा, मग दोरीवर वाळत घालायचा. साच्याला आतून तेलाचं बोट फिरवायचं. आणि वास सगळ्यात शेवटी. आच बंद केल्यावर मेणाच्या कडेला साय धरायला लागली की मगच अत्तराचं तेल ओतायचं. आधी ओतलं तर वास मेणात राहत नाही, पडवीत फिरून निघून जातो.

मी सुरुवातीला हे ऐकलं नाही. बाई बाजारात गेल्या असताना मी कौतुकानं गरम मेणात गुलाबपाणी ओतलं. डबा असा थडथडला की छतापर्यंत शिंतोडे गेले. बाईंनी येऊन छताकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, हात ठीक आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मेण आणि पाणी म्हणजे सासू आणि सून. एका भांड्यात तापवायची नसतात." ते ठिपके त्यांनी कधी पुसू दिले नाहीत. नवीन शिकायला कुणी आलं की बोट वर करून दाखवायच्या. "हे सणसरनं केलं."

बिनवातीच्या वड्या ही त्यांची खास गोष्ट. आप्पेपात्रात वासाचं मेण ओतून गोल वड्या पाडायच्या. एक वडी पितळेच्या ताटलीत ठेवायची, ताटली तिवईवर, खाली पणती. वडी हळूहळू वितळते आणि खोली भरते. त्या काळी बारामतीत हे कुणी पाहिलेलं नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, "वात न्हाय तर मेणबत्ती कसली, बाई?" माझ्या नवऱ्यानं एक केवड्याची वडी खोबऱ्याची समजून चावली होती. बाई दारात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "वालचंदनगर, गिळू नका. पुढच्या खेपेला साखर घालते."

वीज रोजच जायची. गेली की गल्लीतलं कुणीतरी यायचंच.

"बाई, एक मेणबत्ती द्या."

"वास कसला पाहिजे?"

"उजेड पाहिजे, बाई."

"मग दुकानात जा."

आणि तरी त्या द्यायच्या. वर बजावायच्या, की लाईट आली की विझवायची, हिच्यावर अभ्यास करायचा नाही, ही उगाच बसायला आहे.

त्यांच्याकडे राहून चार-पाच महिने झाले असतील. एका दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघराशी आले आणि उंबऱ्यातच थबकले. गॅसचा वास एवढा की डोळ्यांना झोंबला. शेगडीचं बटण उघडं होतं. बाई पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या आणि काड्यापेटी त्यांच्या मांडीवर होती. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडकी उघडली, त्यांना दंडाला धरून अंगणात आणलं.  तांदळाचं सूप हातात तसंच धरून त्या तुळशीच्या कट्ट्यावर बसल्या.

"येत न्हाय मला," मग म्हणाल्या. "वास. शाळेच्या शेवटच्या वर्षी ताप आला होता मोठा. उतरला तो नाकातलं सगळं घेऊन उतरला."

 मी विचारलं, "मग हे वासाचं काम कशाला सुरू केलं?"

"आधी साध्याच करत होते की शाळेत. वासाच्या नंतर सुरू केल्या." त्यांनी सुपातल्या तांदळातून एक खडा काढून दूर फेकला. "येत न्हाय, पण आठवतो गं. सगळे आठवतात. कुणाला सांगू नकोस. वासाच्या मेणबत्त्या करणाऱ्या बाईला नाक न्हाय म्हटल्यावर गाव वर्षभर हसंल."

त्या दिवसापासून त्यांचं नाक मी झाले.

त्यांची पद्धत अशी होती. वाटीत थोडं मेण काढून माझ्यापुढे धरायच्या. छान आहे, उग्र आहे, असं काही त्यांना ऐकायचं नसे. "छान म्हणजे काय? छान कुठंबी असतं," म्हणायच्या. मी डोळे मिटून वास घ्यायचा आणि त्या विचारायच्या, "कुठं हायेस?" मला जे दिसेल ते मी सांगायचं. "अंगणात, मोगऱ्याखाली." "किती वाजले?" "संध्याकाळ आहे. कुणीतरी पाणी घातलंय." मग त्या मान हलवायच्या, म्हणजे मेण जमलं. एकदा मी म्हणाले, "लग्नाच्या मांडवात. पण आता सगळे जेवून गेलेत." बाईंनी तो सगळा घाणा परत वितळवला. तेल शिळं होतं, हे त्यांना माझ्या त्या मांडवावरून कळलं. माझं नाक आणि त्यांची आठवण, एवढ्यावर आमचं चालायचं. मी दहावी नापास. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारल्याशिवाय पुढं जात नव्हतं, आणि ते मला फार आवडायचं. हेही सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही.

परवा माझी मुलगी फोडणीच्या वासानं उठून बाहेर गेली. दुसरा महिना आहे तिला. बाहेरून येऊन म्हणाली, "आई, सगळ्या जगाला वास सुटलाय." मी हसले आणि मग दिवसभर मला काही सुचलं नाही. तिच्या वेळी माझंही तसंच होतं. आणि तेव्हा मी जे केलं, ते मी तिच्या वडलांनाही सांगितलेलं नाही.

माझं पहिलं पोट टिकलं नव्हतं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी बजावलं, "तिसरा म्हैना सरंस्तवर कुणाच्या कानावर घालायचं न्हाय. मालकिणीच्या तर न्हायच." आमच्यात तशी रीतच. मीही घाबरलेली होते. पण नाक ऐकत नव्हतं. मोगरा, केवडा, वाळा, सगळं सारखंच पोटात ढवळायचं. बाई वाटी पुढे धरायच्या आणि मला अंगणात पळावंसं वाटायचं.

मग मी युक्ती काढली. तोंड वाटीवर न्यायचं, डोळे मिटायचे, खांदे जरा वर उचलायचे आणि श्वास घशाशी अडवून धरायचा. आणि बाईंनी विचारलं की मागच्या आठवड्याचं उत्तर द्यायचं. "अंगणात. मोगऱ्याखाली. संध्याकाळ." बाई मान हलवायच्या. तीन-चार आठवडे हे चाललं. काही बिघडलं नाही, म्हणून मला वाटलं काही बिघडणार नाही.

त्याच दिवसांत इंदापूरहून बाईंना बोलावणं आलं. एक संस्था वाड्यावस्त्यांवरच्या बायकांना घरी बसून करायचे उद्योग शिकवणार होती. बाईंनी एक दिवस येऊन करून दाखवायचं, बायकांना आवडलं तर वर्षभर दर आठवड्याला वर्ग. बाईंनी ते पत्र चार वेळा वाचलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना घरात सगळे बाई म्हणत होते, पण पुढ्यात वर्ग नव्हता. त्यांनी कपाटातून शाळेची छत्री काढली, तिचा दांडा तेल लावून पुसला, आणि खडूची पेटी विकत आणली. फळा असेल की नाही हेही माहीत नव्हतं.

मेण जास्त लागणार होतं, म्हणून भंगारवाल्याकडून एक मोठा डबा आणला. बाईंनी तो राखेनं घासला, रिठ्यानं धुतला, दोन दिवस उन्हात पालथा घातला. मग माझ्यापुढे आणून ठेवला.

"हुंग गं. आधी कशाचा होता कुणास ठाऊक."

मी डब्यात तोंड घातलं आणि श्वास धरला.

"स्वच्छ हाय, बाई."

तो रॉकेलचा डबा होता.

त्या डब्यातल्या मेणाच्या सगळ्या मेणबत्त्या आणि वड्या मोगऱ्याच्या होत्या. बाईंनी त्या ओतल्या तेव्हा मी वातींचं निमित्त काढून लांब अंगणात बसले होते. इंदापुरात एका मोठ्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या. बायका बऱ्याच होत्या, कुणी उसाच्या पट्ट्यातल्या, कुणी ज्यांची एके काळी मेंढरं होती अशा घरातल्या. बाईंनी ज्योत हलू नये म्हणून खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. फळा होता. त्यावर त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'आच, साय, वास', आणि एकेक पायरी अशी समजावून सांगितली की मागच्या बायकाही पुढं सरकल्या. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सहा मेणबत्त्या लावल्या, दोन पणत्यांवर वड्या ठेवल्या.

मला तो वास दारातसुद्धा आला. आता श्वास कितीही धरला तरी उपयोग नव्हता. पुढच्या ओळीतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. बाईंना वाटलं, लाजताहेत.

"आता डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "लाजू नका. एकेकीनं सांगायचं, कुठं हाय तुमी?"

 मग मधल्या ओळीतली एक बाई उठली. काळीसावळी, ठसठशीत कुंकू लावलेली. सकाळी नावं विचारताना बाईंनी तिचं गाव आणि घरचा धंदा विचारून तिला कळस करून टाकलं होतं.

"बाई, रेशनच्या दुकानाफुडं," ती म्हणाली. "राकेलच्या लायनीत."

सगळी खोली हसली. ती टवाळी करत नव्हती. तिला विचारलं होतं आणि तिनं सांगितलं होतं, अगदी बाईंच्या पद्धतीनं. बाई मात्र खडू हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सणसर, तू सांग."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मला त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. बाईंची लाज गेली असती, पण डब्यावर ढकलता आलं असतं, हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग बाईंनी विचारलं असतं, डबा तर तू हुंगला होतास ना.

"अंगणात," मी म्हणाले. "मोगऱ्याखाली. संध्याकाळ आहे."

बाईंचा चेहरा सैल झाला. त्या कळसच्या बाईकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मेंढरांत राहून नाक मेलंय तुझं. खाली बस."

बाई असं कुणाला बोलणाऱ्या नव्हत्या. खोलीतलं हसू एकदम थांबलं. ती बाई उभीच होती.

"आसंल, बाई," ती म्हणाली, आणि बसली.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. निमगाव मागं पडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खरंच मोगरा होता ना गं?"

त्यांच्या पदराला रॉकेलचा वास येत होता.

"मोगराच होता," मी म्हणाले. "त्यांना सवय नाही असल्या वासाची."

संस्थेचं पुन्हा पत्र आलं नाही. बाईंनी महिनाभर वाट पाहिली. नंतर येईल त्याला सांगू लागल्या, की तिकडच्या बायकांना मोगरा कळत नाही, शिकायची तयारी नाही, चांगलं चाललेलं त्यांनी हसून घालवलं. ज्या बाईंनी तीस वर्षं कुणा मुलाला ढ म्हटलं नाही, त्या असं बोलायच्या आणि मी शेजारी बसून वाती वळायचे.

तिसरा सरल्यावर मी गोड बातमी सांगितली. बाईंना इतका आनंद झाला की माझ्या सासूलाही झाला नसेल. डिंकाचे लाडू स्वतः केले. लाडू वळता वळता त्यांनी सहज विचारलं, "ह्या दिवसांत वास सोसत न्हाईत म्हणतात. तुझं कसं?"

"मला काही होत नाही, बाई."

एक खोटं घाबरून बोलले, दुसरं अडकून बोलले. हे तिसरं मात्र कुणी मागितलं नव्हतं. लाडू हातात घेऊन मी ते सोडून दिलं.

मुलगी झाली. पोटुशी असताना सहाव्या महिन्यातच माझं नाक पूर्ववत झालं होतं, मी परत प्रामाणिकपणे वास सांगायला लागले होते, आणि बाई माझ्यावर पहिल्यापेक्षा जास्त विसंबून होत्या. लेक रांगत रांगत पडवीत यायची आणि मेणाचे तुकडे गोळा करायची. बाईंनी तिला गाव दिलं नाही. "हिचं गाव अजून ठरायचंय," म्हणायच्या.

मुलगी दोन वर्षांची झाली असेल. आम्ही बाजाराच्या दिवशी भाजी घेत होतो, लेक माझ्या कडेवर. गर्दीतून एक बाई हसत पुढं आली.

"बाई, वळखलं का? कळस."

बाईंनी तिच्याकडे एकवार पाहिलं. "न्हाय," म्हणाल्या, आणि कोथिंबिरीच्या ढिगाकडे वळून चालू लागल्या.

ती तिथंच उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं, लेकीच्या गालाला हात लावला.

"केवढी झाली?"

"दोन पुरी झाली गेल्या महिन्यात."

तिनं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. मला कळलं ती काय मोजतेय, आणि मी लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्हंजी इंदापूरला तू पोटुशी व्हतीस," ती हळूच म्हणाली. "आगं, मग तुला तर आमच्यापेक्षा ज्यास्त आला आसंल त्यो वास. दारात कशी हुबी व्हतीस त्ये बगितलं हुतं म्या. त्वांड पांढरंफेक."

मी मान खाली घातली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"जाऊंदे," ती म्हणाली. "पोरगी गोड हाय." आणि पिशवी उचलून निघून गेली.

त्या दुपारी बाई पडवीत वात वळत बसल्या होत्या. लेकीला निजवून मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. दिवस गेलेले, सासूबाईंचं बजावणं, श्वास धरणं, डबा. सांगताना मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. बोटं थांबली नाहीत. ती वात पूर्ण झाली, गाठ मारली, मग त्यांनी विचारलं.

"डबा हुंगलाच न्हवता?"

"न्हाय."

"आणि गाडीत? गाडीत मी विचारलं तवा?"

"तेव्हा येत होता, बाई. तुमच्या पदराला."

त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, सोडून दिलं. मला वाटलं आता खोली सोडा म्हणतील. त्या उठून आत गेल्या आणि रात्रीपर्यंत बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, छत्री घेऊन दारात उभ्या.

"चल."

"कुठं?"

"कळसला."

जंक्शनच्या फाट्याला उतरून पुढं टेम्पो मिळाला. त्या बाईचं नाव आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. इंदापूरला मेणबत्त्या शिकायला गेलेली बाई कोण, असं विचारत विचारत गेलो. शेवटी एका पोरानं वस्तीवरचं घर दाखवलं. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात चार-पाच मेंढरं, बाजूला ट्रॅक्टरचं जुनं टायर. ती अंगण झाडत होती. आम्हाला बघून तिनं खराटा टाकला.

"बाई? आन् हितं?"

"तुझ्याकडंच आले."

आतून एका म्हातारीनं विचारलं, "कोण हाय गं?"

"मेणबत्तीच्या बाई हायत्या, आत्याबाई."

"आज लाईट हाय म्हणावं."

कळसनं बाज पुढं ओढली, पण बाई बसल्या नाहीत. छत्री दोन्ही हातांनी धरून, वर्गापुढे उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी तू खरं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मला वास येत न्हाय. चार-पाच वर्षं झाली. तुझं नाक मेलंय म्हणाले, ते माझं होतं."

ही गोष्ट लपवायला त्यांनी एवढं सगळं केलं होतं. ती त्यांनी अंगणात, मोठ्या आवाजात, म्हातारीला आत ऐकू जाईल अशी सांगितली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी पुढं होऊन म्हणाले, "मी खोटं बोलले होते." कळस म्हणाली, "त्ये म्हाईत हाय मला," आणि पुन्हा बाईंकडे वळली.

"आमी समद्याजणी टेम्पूत लई हासलो तुमाला," ती म्हणाली. "त्ये बी खरं हाय."

"किती?"

"जंक्शनपत्तुर."

बाई हसल्या. कळसही हसली, मग थांबली.

"पर मेंढरांचं काढाय नगं व्हतं, बाई. माझा बाप मेंढरांमागं फिरत गेला."

"व्हय," बाई म्हणाल्या. "नगं व्हतं." आणि मग बाजेवर बसल्या.

चहा आला. बाईंनी कप उचलला तशी कळस त्यांच्या शेजारी टेकली आणि कुणी विचारलं नसताना सांगू लागली, "गवती चहा घातलाय, त्येचा वास येतोय. जरा करपट बी येतोय, दूध लागलं माझं खाली. आन् वाऱ्यावर मेंढरांचा हाय, त्ये काय जायचा न्हाय." बाई डोळे मिटून ऐकत होत्या, आणि चहा निवून गेला तरी त्यांनी तो घाईनं प्यायला नाही.

येताना एसटीत जागा मिळाली ती मागच्या बाकावर. सणसर जवळ आलं तेव्हा बाई बोलल्या.

"तुझा राग हाय मला."

"हो, बाई."

"आज गेला न्हाय. उद्या जाईल का सांगता येत न्हाय. रोज विचारू नकोस."

"न्हाय विचारणार."

दोन दिवस त्यांनी मला हाक मारली नाही. मी पुढच्या खोलीत बसून मागच्या पडवीतले आवाज ऐकायचे. वरवंट्याचे, पातेल्याचे. एकटीनंच चालवलेलं काम. नवरा म्हणाला, भांडण झालं का. मी नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी हाक आली.

"सणसर."

मी गेले. वाटीत वाळ्याचं मेण होतं, कडेला नुकती साय धरलेली. मी खाली बसले, वाटी हातात घेतली, डोळे मिटले. बाई पुढं न बसता उठून माझ्या मागं आल्या. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, त्यांचा तळवा टेकला. उघडा, उबदार, मेणानं गुळगुळीत झालेला हात. मला क्षणभर कळलं नाही कशासाठी. मग मी श्वास आत घेतला आणि माझ्या पाठीबरोबर तो हात वर आला. सोडला, तसा खाली गेला. त्यांनी आणखी एक श्वास होऊ दिला.

मग विचारलं, "कुठं हायेस?"

आम्ही ती खोली सोडेपर्यंत पुढची चार वर्षं मी त्यांना वास सांगितले. रागाचं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण पाठीवर हात ठेवल्याशिवाय त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, आणि तो हात आहे म्हटल्यावर मला खोटं बोलायची भीती कधी वाटली नाही.